मातीत मिळाले म्हणजे कोठे गेले?

आपल्या भाषेत माती हा शेवटचा शब्द आहे. माणूस गेला की आपण त्याला माती देतो. घराण्याचे वैभव मातीत मिळते. घामाचा माल मातीमोल विकला जातो. आणि हातची संधी कोणी दवडली तर त्याने तिची माती केली, असे म्हणून आपण मोकळे होतो. गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवीत आहे, आणि वाक्प्रचारांच्या तासाला ही सारी उदाहरणे फळ्यावर लिहून दाखविली आहेत. जे मातीत गेले ते संपले, हा या सर्वांमागचा समज. तो खरा आहे की नाही असे विचारण्याचे मला कधी सुचले नाही. ते सुचले माझ्या मामांना, आणि मामांचे शिक्षण सातवीपर्यंत झालेले आहे.

गेल्या वर्षी दिवाळीत आईला घेऊन आजोळी गेलो होतो. आजोळ यवतमाळ जिल्ह्यात. मामांचे सात एकर वावर आहे. (वावर म्हणजे शेत, देशावरच्या वाचकांसाठी एवढा खुलासा.) सारी जमीन काळी, भारी. संध्याकाळी धुऱ्यावर बसलो होतो. समोर कापूस फुटलेला, पहिली वेचणी झालेली. मामांनी मातीचे एक ढेकूळ उचलले, मुठीत दाबून पाहिले आणि म्हणाले, "तू प्रोफेसर हायेस ना बाप्पा, मंग एक गोष्ट सांग. वीस वर्सं मी या वावरात बीटी लावली. आता मी तिले सोडतो म्हटलं, तर ते मले सोडन का?"

प्रश्नाला कारण होते. गावात सेंद्रिय कापूस पिकविणाऱ्यांचा एक गट उभा राहिला आहे. मामांना त्यात दोन एकर घालावयाचे होते. आपल्या देशातील सेंद्रिय प्रमाणपत्राच्या नियमांप्रमाणे हंगामी पिकाच्या जमिनीला पेरणीपूर्वी निदान दोन वर्षांचा रूपांतरणाचा काळ काढावा लागतो, आणि बीटीसारखे जनुक बदललेले बियाणे त्या जमिनीत अजिबात चालत नाही. गटाच्या बैठकीत कोणा वक्त्याने सांगितले होते की, बीटीचे जनुक एकदा मातीत उतरले की सात पिढ्या निघत नाही. ते मातीतल्या जंतूंत शिरते आणि तेथे वाढत राहते. मामा हादरले. मग तालुक्याच्या एका कृषी सेवा केंद्रात त्यांनी चौकशी केली, तर दुकानदार हसला. म्हणाला, पाचोळा सडला की सारे खलास, आठ दिवसांचे काम! एकाच्या हिशोबाने सात पिढ्या, दुसऱ्याच्या हिशोबाने आठ दिवस. मध्ये मामांचे दोन एकर.

"मामा, मी मराठीचा प्राध्यापक," मी म्हणालो.

"मंग तुह्या कालेजात दुसरं कोनी असंन, त्याले इचार," मामा म्हणाले. मामांच्या लेखी प्रोफेसर म्हणजे प्रोफेसर. त्यात पोटजाती नाहीत.

विचारले. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी मला कपाटभर कागद दिले आणि हिवाळाभर मी ते वाचीत बसलो. जे हाती लागले ते सात पिढ्यांहून आणि आठ दिवसांहूनही अधिक मौजेचे निघाले, म्हणून वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम हे बीटी काय आहे ते पाहू. मामांची समजूत अशी होती की हे कंपनीचे नाव आहे. वास्तविक ते एका जीवाणूचे नाव आहे. १९०१ साली जपानमध्ये रेशमाचे किडे मरू लागले, त्यांच्यात इशिवाता या शास्त्रज्ञाला हा जीवाणू प्रथम आढळला. पुढे १९११ साली बर्लिनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला तो पिठातील पतंगाच्या अळीत सापडला. ती अळी थुरिंजिया प्रांतातली, म्हणून जीवाणूचे नाव 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' पडले आणि त्याचे आद्याक्षरांनी बीटी झाले. हा जीवाणू एक प्रथिन तयार करतो. ते अळीच्या पोटात गेले की आतड्याला भोके पडतात आणि अळी मरते. माणसाच्या किंवा बैलाच्या आतड्यावर त्याचा तसा परिणाम होत नाही. हे प्रथिन कसे घडवावे याची कृती ज्या मजकुरात लिहिलेली आहे ते जनुक. अमेरिकेत तो मजकूर उचलून कापसाच्या झाडात बसविण्यात आला. आपल्याकडे जालन्याची महिको आणि अमेरिकेची मोन्सॅन्टो या कंपन्यांनी मिळून आणलेल्या तीन संकरित वाणांना २६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या समितीने परवानगी दिली. २००६ मध्ये दोन जनुकांचा कापूस आला. आज देशातील कापसाच्या क्षेत्रापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली आहे. मामांसारख्यांनी तो का लावला, हे त्यांना विचारू नये. बोंडअळीने खाल्लेले वावर ज्याने पाहिले आहे त्याला ते ठाऊक आहे.

आता यातली गंमत अशी की, बीटी हा जीवाणू मुळात मातीतच राहणारा आहे. म्हणजे जनुक मातीतून निघाले, प्रयोगशाळेत गेले, कापसात शिरले आणि पाचोळ्याबरोबर पुन्हा मातीत आले. माहेरवाशीणच म्हणा. जे मातीचेच ते मातीत परतले तर बिघडले काय, असे बीटीच्या बाजूचे लोक विचारतात. युक्तिवाद दिसायला छान आहे, पण जरा घाईचा आहे. कारण परत आलेली लेक पूर्वीची राहिलेली नाही. जीवाणूची लेखनपद्धती कापसाला नीट वाचता येईना, म्हणून शास्त्रज्ञांनी तो मजकूर, अर्थ तोच ठेवून, नव्याने लिहून काढला. मोडीतला कागद आपण बाळबोधीत उतरून घेतो, तसा. त्यावर मथळा म्हणून फ्लॉवरच्या पिकाला रोग आणणाऱ्या एका विषाणूचा तुकडा जोडला, जेणेकरून झाड तो मजकूर सतत वाचीत राहील. मोन्सॅन्टोच्या पहिल्या कापसात आणखी एक जनुक खूण म्हणून घातलेले होते. त्याच्यामुळे कानामायसिन या प्रतिजैविकाला दाद न देण्याची शक्ती येते. असा जोडमजकूर निसर्गात नव्हता. म्हणूनच तो मातीत सापडला तर ओळखता येतो.

हा सर्व मजकूर डीएनए नावाच्या लांबलचक रेणूत चार अक्षरांच्या वर्णमालेत लिहिलेला असतो. कापसाच्या एका पेशीतील संपूर्ण पोथी सव्वादोन अब्जांहून अधिक अक्षरांची आहे. बीटीचे एक जनुक सुमारे साडेतीन हजार अक्षरांचे. म्हणजे साधारण साडेसहा लाख अक्षरांमागे एक. पाचशे पानी कादंबरीत एक अक्षर म्हणा ना. आणि एका पऱ्हाटीच्या पानांत, मुळांत, खोडांत अशा पोथ्या अगणित. हंगाम संपला की त्यांतल्या बऱ्याचशा मातीत जातात. पाने गळतात, मुळे जागेवर कुजतात, पऱ्हाटी कोणी सरपणाला नेतो, कोणी वखराने जमिनीत गाडतो.

मग पोथीचे काय होते? दुकानदाराचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. झाडाचे पान मरू लागले की त्याच्याच पेशींतील पाचके डीएनए कुरतडू लागतात. जे वाचते त्यावर मातीतील जीवाणू आणि बुरशी तुटून पडतात. डीएनएत नत्र आहे, स्फुरद आहे, आणि मातीतल्या जीवांना ही दोन्ही खते आपल्या इतकीच हवी असतात. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात कॉर्व्हॅलिस येथे तंबाखूची जनुक बदललेली पाने दहा सेंटिमीटर खोल पुरून शास्त्रज्ञांनी हिशोब ठेवला. तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. चौदा दिवसांत मूळच्या डीएनएपैकी ०.३६ टक्के उरला होता. शंभरातला अर्धाही नाही! येथे दुकानदार जिंकला, असे वाटते. पण पुढे वाचावे. सत्त्याहत्तराव्या दिवशीही ०.०६ टक्के शिल्लक होता. पहिल्या पंधरवड्यात जो धडाधड कोसळला तो पुढे जणू पाय रोवून उभा राहिला.

एवढ्या सूक्ष्म प्रमाणात तो दिसतो कसा, हा प्रश्न वाचकांना पडेल. अमेरिकेतील कॅरी मलिस यांनी १९८३ साली एक युक्ती काढली, तिला १९९३ चे नोबेल मिळाले. करोनाच्या साथीत नाकात काडी घालून जी पीसीआर चाचणी झाली, तीच ही युक्ती. हव्या त्या मजकुराचा एक तुकडा सापडला की त्याच्या प्रती काढीत जायचे. दोनाच्या चार, चाराच्या आठ, अशा अब्जावधी. गवताच्या गंजीतली सुई शोधण्याऐवजी सुयांचीच गंजी करायची. या युक्तीने जर्मनीत ब्राउनश्वाइग येथील संशोधकांनी जनुक बदललेल्या शर्कराबीटाच्या शेतातली माती तपासली. १९९९ साली त्यांनी लिहिले की, पीक निघून गेल्यावर दोन वर्षांपर्यंत त्याच्या डीएनएचे तुकडे शेतात सापडले. दोन वर्षे! मामांच्या प्रमाणपत्राच्या मुदतीइतकीच. हे वाचले तेव्हा मी जरा सावरून बसलो.

हा जो थोडासा अंश उरतो तो का उरतो, याचे उत्तर मामांच्या मुठीतल्या ढेकळात होते.

आमच्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत आजोळी गेलो की आम्हांला एक ताकीद असे: वावरात कंचे खेळायचे नाहीत. कारण एप्रिल-मेमध्ये त्या जमिनीला हात-हात खोल भेगा पडत, आणि कंचा भेगेत गेला की गेला. माझा एक निळा कंचा असाच गेला आहे. पावसाळा आला की तीच जमीन फुगे, भेगा मिटत, आणि वरचे जे काही आत पडले असेल, माती, पाचोळा, कंचा, ते पोटात जाई. काळी माती अशी स्वतःच स्वतःला नांगरत असते. हा गुण तिच्यातल्या चिकणमातीचा. दक्षिणेच्या ज्वालामुखी खडकाची झीज होऊन ही माती बनली. तिच्यात चिकणमातीचा वाटा पुष्कळदा निम्म्याच्या आसपास असतो, आणि त्या चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट या जातीच्या खनिजांचे प्राबल्य असते. नाव फ्रान्समधल्या एका गावाचे, पण वस्तू आपल्या वऱ्हाडची म्हणावी इतकी आपली. पोथीची पाने एकावर एक रचावीत तसे या खनिजाचे अतिसूक्ष्म पापुद्रे असतात. पाणी त्यांच्यामध्ये शिरते, पापुद्रे दूर सरतात, माती फुगते.

या पापुद्र्यांना डीएनए चिकटतो. वास्तविक चिकटू नये. कारण चिकणमातीच्या अंगावर ऋण विद्युतभार आणि डीएनएच्याही अंगावर ऋणच; दोघांनी एकमेकांना दूर लोटावे. पण मध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे मध्यस्थ येतात. त्यांचा भार धन. ते एक हात इकडे देतात, एक तिकडे, आणि सोयरीक जुळते. काळ्या जमिनीत चुनखडी किती, हे विहीर खणणाऱ्याला विचारा. मध्यस्थांना तोटा नाही. एकदा चिकटला की डीएनएचे दोन फायदे होतात. कुरतडणाऱ्या पाचकांना तो सहज पोहोचत नाही. आणि ती पाचकेही त्याच चिकणमातीला चिकटून पंगू होऊन बसतात. जुन्या पोथीला कसर लागते, पण दमटपणाने जी दोन पाने एकमेकांस घट्ट चिकटली त्यांच्यामधला मजकूर पुष्कळदा शाबूत राहतो. तसेच हे. न्यूयॉर्क विद्यापीठातील गुंथर स्टॉट्झ्की यांनी या विषयात आयुष्य घातले. चिकणमातीला चिकटलेला डीएनए पाचकांना बराच काळ दाद देत नाही, एवढेच नव्हे तर त्या स्थितीतही तो जीवाणूंना आपला गुण देऊ शकतो, असे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९२ साली प्रयोगशाळेत दाखविले.

चिकणमाती किती काळ धरून ठेवू शकते याचा दाखला हवा असेल तर २०२२ सालची एक बातमी आठवावी. उत्तर ग्रीनलंडमधील गोठलेल्या गाळात वीस लाख वर्षांपूर्वीचा डीएनए सापडला. त्यावरून कळले की, जेथे आज ओसाड ध्रुवप्रदेश आहे तेथे एके काळी भूर्ज आणि पॉप्लरचे रान होते, ससे होते, आणि हत्तीच्या कुळातला मॅस्टोडॉन चरत होता. तो डीएनएही खनिजांच्या कणांना चिकटूनच टिकला होता. अर्थात त्याला वीस लाख वर्षांच्या गारठ्याची साथ होती. यवतमाळच्या मे महिन्याला तसे करता येणार नाही. ऊब आणि ओल मिळाली की जीवाणूंची भूक वाढते, आणि आपल्या पावसाळ्यात दोन्ही भरपूर.

पण येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती त्या बैठकीतल्या वक्त्याने सांगितली नव्हती. मातीत जो जुना डीएनए पडून असतो तो काही एकट्या बीटीचा नसतो. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली ठिकठिकाणची माती तपासून दाखविले की, जीवाणू आणि बुरशी यांचा म्हणून जो डीएनए मातीत सापडतो, त्यातला सरासरी ४० टक्के मेलेल्यांचा असतो. जिवंत कोण आणि दिवंगत कोण हे नुसत्या डीएनएवरून ओळखता येत नाही, म्हणून मातीची शिरगणती करणारे शास्त्रज्ञ त्यामुळे वैतागले आहेत. म्हणजे मामांच्या वावरात बीटीचा फाटका तुकडा पडला आहे तो एका प्रचंड रद्दीखान्यात. तेथे तुरीचे तुकडे आहेत, ज्वारीचे आहेत, गांडुळांचे, बुरशीचे, शेणाबरोबर आलेल्या जंतूंचे आहेत. त्या गर्दीत साडेसहा लाखांतले एक अक्षर.

मग खरा प्रश्न 'राहते का?' हा नव्हेच. राहते, थोडे, काही काळ. प्रश्न असा की, ते कोणी वाचते का?

कारण वाचणारे आहेत. १९२८ साली इंग्लंडमध्ये ग्रिफिथ यांनी उंदरांवर प्रयोग करताना पाहिले की, न्यूमोनियाचे मेलेले घातक जंतू आणि जिवंत निरुपद्रवी जंतू एकत्र टोचले तर निरुपद्रवी जंतू घातक होतात. मेलेल्याने जिवंताला विद्या दिली! ती विद्या डीएनएच्या रूपाने दिली जाते हे १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये एव्हरी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी सिद्ध केले. जनुक म्हणजे डीएनए, हे जगाला कळले ते या प्रयोगातून. वॉटसन आणि क्रिक यांची प्रसिद्ध गोफासारखी आकृती नऊ वर्षांनी आली. म्हणजे मातीतला जीवाणू पडलेला कागद उचलून वाचू शकतो, ही कल्पित भीती नाही. वक्त्याच्या बोलण्यात एवढा तांदूळ होता, बाकीचे खडे.

हे खडे कोणते ते सांगतो. मातीत उरतात ते बहुधा तुकडे. संपूर्ण जनुक, त्याच्या मथळ्यासकट, क्वचित. आणि पूर्ण मिळाले तरी मथळा कापसाला वाचता येईल असा लिहिलेला, जीवाणूसाठी नव्हे. शिवाय उचललेला मजकूर आपल्या पोथीत शिवून घ्यावयाचा तर त्या पोथीत आधीच बराचसा तसाच मजकूर असावा लागतो, म्हणजे टाका कोठे घालायचा ते कळते. प्रयोगशाळेत अ‍ॅसिनेटोबॅक्टर नावाच्या मातीतल्या जीवाणूने शर्कराबीटाच्या डीएनएतून कानामायसिनचे जनुक उचलले खरे, पण त्या जीवाणूत तेच जनुक मोडक्या स्वरूपात शास्त्रज्ञांनी अगोदर ठेवले होते. त्याने फक्त गाळलेली जागा भरली. आणि ज्या ब्राउनश्वाइगच्या संशोधकांना शेतात दोन वर्षे तुकडे सापडले, त्यांनीच त्या शेतातले कानामायसिनला न जुमानणारे जीवाणू वाढवून तपासले. एकातही बीटातले जनुक उतरलेले आढळले नाही. कानामायसिनला न जुमानणारे जीवाणू तेथे आले कोठून, असे विचाराल तर ते पूर्वीपासूनच होते. कानामायसिन हे औषधच मुळी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून जपानमध्ये १९५७ साली मिळाले. जेथे विष तेथे उताराही. मातीत ही झुंज माणूस येण्यापूर्वीपासून चालली आहे. तरीही युरोपने २००१ च्या आपल्या कायद्यात प्रतिजैविकांच्या असल्या खुणा हळूहळू बंद करण्याचे ठरविले. माझ्या मते शहाणपण केले. जी वस्तू पिकाला नको, केवळ प्रयोगशाळेच्या सोयीसाठी घातली, ती शेतात कशाला हवी?

बीटीचे प्रथिन ही आणखी निराळी गोष्ट आहे, आणि बैठकीत बहुधा दोन्हींची सरमिसळ झाली असावी. मजकूर वेगळा आणि त्यावरून केलेली वस्तू वेगळी. प्रथिनही चिकणमातीला चिकटते. स्टॉट्झ्की यांना प्रयोगशाळेतल्या मातीत ते २३४ दिवसांनंतरही अळीला मारण्याइतके जागे आढळले. १९९९ मध्ये त्यांच्याच गटाने दाखविले की बीटी मका ते मुळांतून मातीत सोडतो. कापसाच्या बाबतीत मात्र २००४ साली त्याच गटाला मुळांतून ते पाझरताना आढळले नाही. तीन ते सहा वर्षे सलग बीटी कापूस घेतलेल्या अमेरिकेतील शेतांत ते साठलेले आढळले नाही, असे २००२ चा एक निबंध सांगतो. तो निबंध मोन्सॅन्टोच्याच शास्त्रज्ञांचा आहे, हेही वाचकाला ठाऊक असलेले बरे.

मे महिन्यात पुन्हा आजोळी गेलो. वावराला भेगा पडल्या होत्या. मामांना हे सगळे धुऱ्यावर बसून सांगितले. पोथी, पापुद्रे, मध्यस्थ, सारे. मध्यस्थांवर मामी हसल्या. मामा बराच वेळ गप्प होते.

"म्हंजे चिठ्ठी फाटली," ते म्हणाले. "तुकडे राह्यले. पन वाचनारा नाही."

"जवळजवळ नाही," मी म्हणालो. प्राध्यापकाला 'जवळजवळ' सोडवत नाही.

"आन् सरकी?"

मला समजले नाही.

"अरे, फाटल्या चिठ्ठीचं जाऊ दे. सरकी म्हंजे तं पुरी चिठ्ठी हाये ना? पाकिटासकट."

हिवाळाभर मी कागदांत बुडून जे पाहिले नव्हते ते मामांनी एका वाक्यात काढले. जनुक शेतात टिकते ते मातीच्या पापुद्र्यांत नव्हे. टिकते ते बियांत. स्वीडनमध्ये १९९५ साली जनुक बदललेल्या मोहरीवर्गीय पिकाचा एक प्रयोग झाला. नंतर ती जागा दरवर्षी साफ केली गेली, उगवलेली रोपे मारली गेली. तरी दहा वर्षांनी तेथे त्या पिकाची रोपे उगवली आणि त्यांत ते जनुक जसेच्या तसे होते. सरकी काही इतकी चिवट नाही, पण वेचणीत सांडलेली सरकी पुढच्या पावसात धुऱ्यावर उगवते, हे वऱ्हाडातले पोरही सांगेल. आणि सेंद्रिय कापसाची तपासणी होते ती सरकीची, पानाची, रुईची. मातीची नव्हे.

तेव्हा मामांपुढची खरी अडचण बाजारात होती. बीटी नसलेले चांगले बियाणे आणायचे कोठून? कापूस बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतो, पण मधमाश्या थोडाफार पराग इकडचा तिकडे करतातच, आणि शेजाऱ्याचे वावर बीटीचे. एका काळी बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर साध्या सरकीची १२० ग्रॅमची पुडी मिळत असे. ती कडेने लावायची, म्हणजे अळ्यांना थोडे साधे खाद्य मिळून त्यांना बीटी पचविण्याची सवय लवकर लागणार नाही, असा हेतू. बहुतेकांनी ती पुडी फेकून दिली, मामांनीही. पुढे गुलाबी बोंडअळीला बीटी पचू लागली. जो मजकूर मातीतल्या जीवाणूने वाचला नाही त्यावर अळीने मात्र उतारा शोधला.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे 'रजत', नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे 'सूरज' ही बीटीविरहित वाणे आहेत. पण ती अमेरिकन कुळातली; शेजारच्या बीटीशी त्यांचा संकर होऊ शकतो. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी तिसरी वाट दाखविली. आपल्या जुन्या गावरान कापसाच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात, अमेरिकन कापसाच्या पेशीत ५२. त्यामुळे शेजारचा पराग उडून आला तरी सहसा बी धरत नाही. कुंपण न घालता कुंपण! गावरान कापसाचा धागा आखूड, बोंड लहान, भावही कमी; पण पाऊस ओढला तर तग धरतो. मामांचे वडील तोच लावीत असत. मामांना ऐकून नवल वाटले नाही. "म्हनजे बापाकडंच जाचं," एवढेच म्हणाले.

यंदा जूनमध्ये मामांनी दोन एकरांत अकोल्याची गावरान सरकी टोबली. माझ्या सांगण्यावरून नव्हे. तसे त्यांनी मला दोनदा बजावले आहे. दसऱ्याला फोन आला. पीक बरे आहे. रूपांतरणाचे पहिलेच वर्ष, तेव्हा सेंद्रिय म्हणून भाव मिळणार नाही. व्यापारी साधा भाव देतो म्हणतो आणि आखूड धागा म्हणून त्यातही कापतो. मामा त्याच्याशी भांडत आहेत.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. निंदणीच्या वेळी साऱ्या वावरातून सांडलेल्या सरकीची रोपे वेचून काढली, पण धुऱ्याच्या बोरीआड एक बीटीची पऱ्हाटी नजरेतून सुटली. दिसली तेव्हा चांगली कमरेएवढी झाली होती आणि बोंडे फुटली होती. गटाच्या तपासनीसाच्या आधी ती उपटायची म्हणून मामा निघाले, तर मामींनी अडविले. आधी कापूस वेचून घेतला, मग उपटू दिली.

"काहून वो?" मी फोनवर विचारले.

"दिवायी आली ना," मामी म्हणाल्या. "वाती वळायच्या हायेत."